धरणाची नाडी
पुणेंकर वृद्ध श्रोत्यांस १२ जुलै १९६१ हा दिवस अजून आठवत असेल. वेल्ह्याच्या डोंगरांतील आंबी नदीवरचें पानशेतचें मातीचें धरण, पाणी अडविल्याच्या पहिल्याच पावसाळ्यांत, फुटलें. त्या लोंढ्यानें खडकवासलाही फोडलें आणि नदीकांठच्या पेठा बुडाल्या. पाणी किती चढलें हें वाटसरूसही दिसतें; परंतु बांध किती खचला, पाझर कालच्याहून वाढला कीं काय, हें रोजच्या नोंदीवांचून कळत नाहीं. एका दिवसाचा आंकडा मुका असतो. वर्षाचे आंकडे ओळीनें मांडले म्हणजे ते बोलूं लागतात. नीरेच्या कालव्यांना पाणी पुरविणारें भोरजवळचें भाटघर असो, वा हजारों माणसें एकाच वेळीं वापरतात तो संगणकाचा सर्व्हर असो. अनेकांचा भार वाहणाऱ्याची नाडी तो निरोगी असतांनाच पाहत राहिलें पाहिजे.