वजन आपलं, पावती आपली

मी तुमच्या गटांची समन्वयक बोलतेय. आज भंगाराविषयी बोलायचं आहे. हसू नका. दारावर भंगारवाला आला की आपण मोडका पाळणा, फुटकी बादली, विळ्याची पाती त्याला देतो आणि बदल्यात एक प्लास्टिकचं घमेलं घेतो. त्यानं किती किलो नेलं, हे आपल्याला माहीत नसतं. त्याला मात्र माहीत असतं.

आपण जालन्याच्या शेजारी राहतो. तिथल्या कारखान्यांत भंगार विजेच्या भट्टीत वितळवतात आणि त्यापासून बांधकामाचे गज करतात. म्हणजे तुमच्या परसातला गंजका नांगर उद्या कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जातो. आपल्याला जो कचरा वाटतो, तो त्यांचा कच्चा माल आहे.

हे कळल्यावर आमच्या एका गटानं ठरवलं की सगळ्या घरांतलं भंगार एकत्र करून एकदम विकायचं. भाव चांगला ठरला, २८ रुपये किलो. व्यापाऱ्याची गाडी आली, त्याच्याच काट्यावर माल मोजला, ६५५ किलो भरला. मी सही केली. दुसऱ्या दिवशी बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "ताई, आम्ही तर गिरणीच्या काट्यावर मोजून चिठ्ठ्या ठेवल्या होत्या." चिठ्ठ्यांची बेरीज केली, तर ७४२ किलो. ८७ किलोंचा फरक. रुपयांत २,४३६.

व्यापारी म्हणाला, माती होती, गंज होता. आम्हाला काहीच सिद्ध करता आलं नाही, कारण बेरीज आम्ही गाडी गेल्यावर केली होती. पैशांपेक्षा वाईट पुढंच झालं. कुणी म्हणालं, अमकीनं चिठ्ठीत वजन वाढवून लिहिलं असेल. दोघी जणी बैठकीला यायच्या बंद झाल्या. चूक माझी होती. न मोजता सही मी केली होती. म्हणून आज सांगतेय.

पुढच्या खेपेला आम्ही काय केलं, ते ऐका.

पहिलं काम, माल वेगळा केला. जाड लोखंड एकीकडं, पातळ पत्रा एकीकडं, बिडाचे तुकडे एकीकडं. जुन्या पंपाची, इंजिनाची बॉडी बहुतेक बिडाची असते. या तिन्हींचे भाव वेगळे असतात. सगळं एकत्र दिलं तर सगळ्याला पत्र्याचा भाव लागतो. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक जवळ ठेवा. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम त्याला चिकटत नाही आणि त्यांचा भाव लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असतो. जळालेली मोटार लोखंडाच्या भावात देऊ नका, तिच्या आत तांब्याची तार असते. पण तांब्यासाठी वायर जाळू नका. तो धूर लेकरांच्या छातीत जातो.

दुसरं, माती झटकून प्रत्येकीचा माल तिच्यासमोर मोजला, वहीत लिहिला, तिची सही घेतली. बेरीज गाडी यायच्या आधी केली.

तिसरं, गाडी भुईकाट्यावर नेली. आधी रिकामी मोजली, मग भरून मोजली. दोन्ही पावत्या आपल्याकडं. काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का आहे का, तेही बघायचं. शिक्का नसेल तर दुसऱ्या काट्यावर जायचं.

चौथं, एकाच दिवशी तिघांना भाव विचारला. लोखंडाचा भाव रोज हलतो, म्हणून गेल्या आठवड्याचा भाव धरून बसायचं नाही. पैसे गटाच्या खात्यात जमा झाल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही.

कुणी म्हणेल, जीएसटी कापावा लागेल. तर लक्षात ठेवा, १० ऑक्टोबर २०२४ पासून नियम असा आहे की नोंदणी नसलेल्यानं धातूचं भंगार नोंदणीकृत व्यापाऱ्याला विकलं, तर तो कर व्यापाऱ्यानं स्वतः भरायचा असतो. तो आपल्या भावातून कापू देऊ नका.

गट बाहेरून भंगार विकत घेणार असेल, तर आणखी जपा. नवी कोरी केबल, चालू पंप, विजेच्या खांबाचं किंवा रेल्वेचं सामान कुणी स्वस्तात आणून दिलं तर घेऊ नका. चोरीचा माल घेणाराही गुन्ह्यात अडकतो. देणाऱ्याचं नाव, गाव, तारीख वहीत लिहा. बंद सिलिंडर, औषधफवारणीचे डबे, ॲसिडच्या बॅटऱ्या लोखंडाच्या ढिगात टाकू नका.

आता खरेदीची बाजू. गावात चार-पाच जणींची घरकुलं मंजूर झाली असतील, तर गज एकत्र मागवा. एकच गाडी येते, भाडं वाटून जातं, भावही बसून ठरवता येतो. पण इथंही वजनच बघा. गज नगावर घेऊ नका, किलोवर घ्या. १२ मीटरचा ८ मिलीमीटर गज साधारण ४ किलो ७४० ग्रॅम भरतो, १० मिलीमीटरचा ७ किलो ४०० ग्रॅम, १२ मिलीमीटरचा १० किलो ६५० ग्रॅम. थोडं कमी-जास्त चालतं, पण ८ मिलीमीटरचा गज चार किलोच भरला, तर तो बारीक आहे. नगावर घेतला तर पैसे पूर्ण जातात, आणि किलोवर घेतला तरी स्लॅबमध्ये लोखंड कमी पडतं. गजावर कंपनीचं नाव, आयएसआयची खूण आणि ५०० किंवा ५५० असा आकडा उमटवलेला असतो. काहीच उमटवलेलं नसेल तर परत पाठवा. छप्पर आपल्याच डोक्यावर असणार आहे.

दुसऱ्या खेपेला भुईकाट्याचं आणि आमच्या वहीचं वजन पाच किलोंच्या फरकानं जुळलं. वही बैठकीत सगळ्यांसमोर वाचली. रुसलेल्या दोघींपैकी एक परत आली. म्हणाली, "आता माझं नाव घेऊन कुणी बोलणार नाही ना?" दुसरी अजून आलेली नाही. तिच्या घरी मी पुन्हा जाणार आहे.

तेव्हा बायांनो, येत्या बैठकीत एक काम करा. गावातला शिक्क्याचा काटा कुणाकडं आहे, ते शोधा आणि भंगारासाठी एक वेगळी वही घाला. काटा मारणारा मारतोच, पण आपण आधी मोजलेलं असलं की त्याचा हात आखडतो. आणि आपण एकमेकींवर संशय घेत नाही.

येते मी. नमस्कार.