कर्ज फिटेनासे झाले तर : मन, हिशेब आणि नादारीचा कायदा



बी-बियाणे, खते, फवारणी यांवर आपण नेहमीच बोलतो. आज जरा अवघड विषय घेतला आहे. कर्ज इतके चढले की कितीही ओढाताण केली तरी ते फिटेल असे दिसत नाही, आणि त्यापायी रात्रीची झोप उडाली, तर माणसाने करावे काय? "सरळ दिवाळं काढावं का?" असा प्रश्न काही जण दबक्या आवाजात विचारतात. पुष्कळ जण तर विचारीतही नाहीत. मनातल्या मनात कुढत बसतात. आजचे बोलणे खास त्यांच्यासाठी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो. कर्ज हा पैशाचा हिशेब आहे, तो अब्रूचा दाखला नव्हे. पाऊस दगा देतो, विहिरीला पाणी लागत नाही, माल बाजारात जायच्या वेळीच भाव कोसळतो. यात कष्टात कसूर झाली असे थोडेच आहे?

आणि ही अडचण काही आजची नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. ते लोण पुढे पुणे-नगर भागात पसरले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. कर्जाच्या वसुलीसाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे त्या कायद्याने बंद केले, आणि ज्याला कर्ज फेडणे शक्यच नाही त्याला नादारी मागण्याची वाटही ठेवली. तेव्हा फिटत नसलेले कर्ज कायद्याला गेली दीडशे वर्षे माहीत आहे. तुम्ही काही पहिले नाही, आणि एकटेही नाही.

आधी मन सांभाळा

पहाटे तीनलाच जाग येते आणि मग डोळा लागत नाही. जेवण गोड लागत नाही. शेतावर जावेसे वाटत नाही. पारावर चार माणसे दिसली की वाट बदलून जावेसे वाटते. फोन वाजला तरी छातीत धस्स होते. कोणी दारूकडे वळतो. असे दोन आठवडे चालले, तर तो आळस नव्हे आणि बाहेरचे काही लागलेलेही नव्हे. मनाचा तो आजार आहे. मलेरियाला गोळी असते तसा यालाही उपचार असतो. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून मध्येच सोडू नये.

जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचे डॉक्टर भेटतात. तिथवर जाणे होत नसेल, तर गावातल्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगा. शिवाय १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे. २०२२ साली तो सुरू झाला. दिवसा-रात्री केव्हाही लावा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.

आता घरच्या मंडळींना दोन शब्द. कारभारी गप्प गप्प राहू लागले, किंवा "माझ्यामागं पोरांकडं बघा" असे काही बोलू लागले, तर ते हसण्यावारी नेऊ नका. जवळ बसा. "जीव द्यावा असं मनात येतं का?" हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार वाढत नाही, उलट मनावरचा भार उतरतो. त्या दिवसांत माणसाला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे घरात किंवा गोठ्यात ठेवू नका. शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा आणि किल्ली त्यांच्याकडेच राहू द्या. आणि पोलिसांच्या भीतीने काही लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरायचे आहे. त्याला शिक्षा करायची नाही, उपचार द्यायचे आहेत.

"मी गेलो म्हणजे घरावरचं कर्ज तरी जाईल" असा विचार ज्याच्या मनात येत असेल, त्याने हे नीट ऐकावे. असे होत नाही. जमिनीवरचा बोजा जमिनीवरच राहतो. सातबाऱ्यावरची नोंद माणसाबरोबर जात नाही. जातो तो फक्त तो बोजा उतरवायला घरात असलेला एक माणूस.

मग हिशेब मांडा

मन थोडे थाऱ्यावर आले की एक वही घ्या. एकट्याने नाही, बायकोला किंवा विश्वासातल्या भावाला शेजारी बसवून लिहा. कोणाचे, किती, कोणत्या साली घेतले, व्याज काय, आजवर दिले किती, तारण काय आणि जामीन कोण, एवढी खाती पाडा. मोठा आकडा डोक्यात असतो तेव्हा डोंगर वाटतो. कागदावर आला की त्याचे तुकडे पडतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका चार एकरवाल्याकडे सोसायटीचे १,२०,००० रुपये, बँकेचे विहीर-पाइपलाइनचे १,८०,०००, कृषी सेवा केंद्राची उधारी ४०,००० आणि सावकाराचे ५०,००० आहेत. एकूण झाले ३,९०,०००. घरखर्च आणि पुढच्या पेरणीची तरतूद जाऊन वर्षाला ६०,००० मागे पडतात. आता सावकाराचे खाते उघडून पाहू.

हे ५०,००० चार वर्षांपूर्वी विनातारण, शेकडा तीन रुपये महिना दराने घेतले. महिन्याला १,५०० प्रमाणे ४८ महिन्यांत ७२,००० रुपये व्याजापोटी गेले. सावकार म्हणतो, "मुद्दल तसंच आहे." पण सावकारी नियमनाचा २०१४ चा कायदा आहे. त्याखाली शेतकऱ्यासाठी ठरवून दिलेला दर तारणी कर्जाला वर्षाला शेकडा ९ आणि विनातारण कर्जाला १२ असा आहे. १२ च्या दराने चार वर्षांचे व्याज होते २४,०००. मुद्दल धरून ७४,०००. त्यातले ७२,००० पोचले. म्हणजे राहिले २,०००! ज्या ५०,००० पायी झोप उडाली होती, ते खरे पाहता इतकेच होते.

सावकाराकडे परवाना नसेल तर न्यायालय त्याला वसुलीचा हुकूमनामा देत नाही. उलट विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, त्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल, तर तीही चौकशीअंती परत मिळू शकते. तक्रार तालुक्याला सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्ह्याला उपनिबंधकांकडे करावी. जे दिले त्याची चिठ्ठी, वही, साक्षीदार असेल ते बरोबर न्यावे. आणि यापुढे कोऱ्या मुद्रांकावर किंवा कोऱ्या धनादेशावर कोणालाही सही देऊ नका. धनादेश वटला नाही तर त्याचा वेगळाच फौजदारी खटला होतो.

सोसायटी आणि बँक यांच्याकडे नोटीस येण्याची वाट न पाहता आपणहून जा. दुष्काळ, गारपीट, अतिवृष्टी यांत पीक गेले असेल, तर पीककर्जाचे हप्ते पाडून पुनर्गठन होऊ शकते. थकीत खात्यात एकरकमी तडजोडही होते. जे ठरेल ते लेखी घ्या. प्रकरण न्यायालयात असो वा नसो, लोकअदालतीत तडजोड होऊ शकते आणि तिथे न्यायालयाची फी पडत नाही.

आपल्या उदाहरणातल्या शेतकऱ्याचे आता ३,४२,००० उरले. दुकानदाराला दोन हंगामांत वळते करायचे आणि सोसायटी-बँकेचे हप्ते पाडून घ्यायचे. वाट लांबची आहे, पण वाट आहे. याला नादारीची गरज नाही.

नादारी म्हणजे काय?

पण प्रत्येकाचा हिशेब असा सुटत नाही. जे विकता येते ते विकले, पाच-सहा वर्षांची शिल्लक धरली, तरी कर्ज तसेच उरते, अशीही घरे आहेत. त्यांच्यासाठी प्रांतिक नादारी कायदा, १९२० आहे. २०१६ च्या नव्या संहितेची चर्चा तुम्ही ऐकली असेल, पण तिच्यातला व्यक्तींच्या नादारीचा भाग सर्वसाधारण शेतकऱ्याला अजून लागू झालेला नाही. म्हणून मुंबई शहराबाहेर हा जुनाच कायदा चालतो. कर्ज ५०० रुपये किंवा अधिक असले आणि ते फेडण्याची ऐपत नसली, की कर्जदाराला स्वतः जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. अर्जात सगळे धनको आणि आपली सगळी मालमत्ता खरी खरी लिहावी लागते.

नादार ठरवल्यावर मालमत्ता न्यायालयाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि धनकोंना तिच्यातून वाटणी मिळते. न्यायालयाच्या परवानगीवाचून कोणा धनकोला नवा दावा लावता येत नाही. शेवटी मुक्ततेचा हुकूम मिळाला की उरलेल्या कर्जातून, म्हणजे उधारी, हातउसने अशांतून, माणूस मोकळा होतो.

काय वाचते? शेतकऱ्याचे राहते घर, कपडे, भांडीकुंडी, मंगळसूत्र, आणि पोट भरण्यास लागतील तेवढी अवजारे, बैल व बियाणे यांना जप्तीपासून संरक्षण आहे.

काय वाचत नाही, तेही ऐकून ठेवा. जमीन वाचत नाही. गहाण ठेवलेल्या वस्तूवरचा धनकोचा हक्क तसाच राहतो. सरकारी देणे सुटत नाही. लबाडी करून घेतलेले कर्ज सुटत नाही. आणि तुमचा जामीनदार सुटत नाही, त्याच्यामागे वसुली चालूच राहते. नादार माणसाला पंचायतीत सभासद म्हणून बसता येत नाही. मुक्तता होईपर्यंत आपण नादार असल्याचे न सांगता ५० रुपये उधार घेतले तरी तो गुन्हा होतो. तारखाही पडतात.

म्हणून नादारीचा विचार केव्हा करावा? बहुतेक कर्ज विनातारण असेल, तडजोडीच्या सगळ्या वाटा पाहून झाल्या असतील, आणि तुमचे मन सही करण्याइतके स्थिर असेल तेव्हा. कर्ज मुख्यतः जमिनीवर असेल, तर नादारीने जमीन वाचणार नाही. तिथे बँकेशी बोलणेच बरे. मन अंधारलेले असताना नादारीच्या अर्जावर सही करू नका आणि जमिनीच्या खरेदीखतावरही करू नका. मात्र न्यायालयाचे समन्स आले असेल तर घरात दडवू नका. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे वकील मोफत मिळतो. फोन १५१०० वर करता येतो.

एक चूक मात्र टाळा. अर्जाच्या आधी जमीन घाईघाईने मेव्हण्याच्या नावावर करून ठेवायची, ही युक्ती महागात पडते. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांतले असे दिखाऊ व्यवहार न्यायालय रद्द करू शकते आणि प्रामाणिक माणसाचाही विश्वास जातो.

"पैसे दिले नाहीत तर तुरुंगात घालू" असे कोणी धमकावले तर घाबरू नका. ज्याच्याकडे खरोखरच ऐपत नाही, त्याला केवळ पैसे देता आले नाहीत म्हणून दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली स्पष्ट केले आहे.

थोडक्यात ध्यानात ठेवा :

१. झोप, भूक, उमेद गेली असेल तर आधी डॉक्टर. फोन १४४१६.

२. फवारणीची औषधे घरात नकोत.

३. सगळे कर्ज एका वहीत, घरच्या माणसासमक्ष.

४. सावकाराचा हिशेब कायद्याच्या दराने करून पाहा.

५. सोसायटी आणि बँक यांच्याकडे आपणहून जा. ठरेल ते लेखी घ्या.

६. नादारी हा शेवटचा दरवाजा आहे. तो आहे हे माहीत असू द्या, पण वकिलाला विचारल्यावाचून उघडू नका.

मंडळी, नापीक वर्ष आले म्हणून आपण शेत टाकून देत नाही. नांगरट करतो आणि मृगाची वाट पाहतो. स्वतःच्या बाबतीतही तेवढा धीर धरा. आज रात्री ही पत्रिका घरात मोठ्याने वाचा. आणि तुमच्या आळीत कोणी गप्प गप्प राहत असेल, तर उद्या सकाळी त्याच्या दारात जाऊन चहा मागा. बोलणे तिथूनच सुरू होईल.