बदललं असेल, तर सांगा

जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतून आलेल्या माझ्या शारीरिक शिक्षण शिक्षक बंधू-भगिनींनो, पंच मित्रांनो,

 

संयोजकांच्या पत्रात ‘जिल्ह्यातील क्रीडाक्षेत्राचा आढावा’ असा विषय होता. टिपणं काढून आणली आहेत. 1 मे 1981 रोजी आपला जिल्हा झाला तेव्हापासून ते 2018 साली जालन्यात झालेल्या महाराष्ट्र केसरीपर्यंत सगळं त्यात आहे. ती टिपणं संयोजकांकडे देतो, स्मरणिकेत छापावीत. मला आज एकच गोष्ट बोलायची आहे आणि ती बोलायला मी पंचवीस वर्षं घेतली.

सकाळच्या चर्चेत दोन तट पडले. एका सरांचं म्हणणं, आपल्या वाडीवस्तीवरच्या पोरांना नियमातलं साहित्य मिळत नाही, तेव्हा पंचानं थोडं समजून घ्यावं. जाळी चार बोटं खाली घेतली, हलका गोळा दिला, तर आभाळ कोसळत नाही. दुसऱ्या सरांचं म्हणणं, नियम म्हणजे नियम. टाळ्या दोघांनाही पडल्या. मला दोघांचंही पटलं नाही. का, ते सांगतो.

मी 1986 साली नोकरीला लागलो. पुढे नव्वदच्या दशकात एका तालुक्याच्या ठिकाणी जिल्हा स्पर्धा होत्या. तालुक्याचं नाव सांगत नाही, शाळेचंही नाही. एकोणीस वर्षांखालच्या मुलींची गोळाफेक माझ्याकडे होती. नियमानं गोळा चार किलोचा. मैदानावर होता तो गंजून खड्डे पडलेला. संयोजकांनी आदल्या दिवशी तो लेथवर नेऊन घासून आणला होता. दिसायला कसा, आरशासारखा! मी उचलला आणि हाताला कळलं. इतकी वर्षं गोळा हाताळलेल्या माणसाचा तळहात चुकत नाही. मी म्हटलं, हा भरत नाही. उत्तर आलं, “सर, पोरीच आहेत. सगळ्यांना तोच गोळा आहे ना? मग अन्याय कुणावर?”

या प्रश्नाला माझ्याजवळ त्या क्षणी उत्तर नव्हतं. ऊन चढत होतं, पुढच्या स्पर्धा खोळंबल्या होत्या. मी शिट्टी वाजवली.

एका शेतमजुराची मुलगी होती. अनवाणी. पायाला सुतळीसारख्या भेगा. तिनं गोळा मानेशी धरला, पाठ वळवली आणि असा फेकला की टेप धरणारा पोरगा दोन पावलं मागे सरला. पहिला नंबर आला. तिच्या पीटीच्या सरांनी ते अंतर तिच्या वहीवर लिहून दिलं, खाली दोन रेघा मारून. विभागीय स्पर्धेतल्या आदल्या वर्षीच्या आकड्याच्या ते पुढे होतं. गावात तिचा सत्कार झाला.

औरंगाबादला विभागीय स्पर्धेत गोळा काट्यावर तोललेला होता. तीन फेका झाल्या. तिन्ही पाऊण मीटरनं मागे. चौथी फेक करायला ती वर्तुळात आलीच नाही. मी प्रेक्षकांत होतो. ती आपल्या उजव्या हाताकडे पाहत उभी होती, हातालाच काही झालंय असं वाटून. सर विचारत होते, “काय झालं गं तुला? खाल्लं नाहीस का?” ती काहीच बोलली नाही. मीही बोललो नाही. पुढच्या वर्षी ती मैदानावर दिसली नाही.

परत आल्यावर मी तो गोळा मागून घेतला आणि मोंढ्यात एका ओळखीच्या आडत्याच्या काट्यावर ठेवला. 3 किलो 640 ग्रॅम.

‘सगळ्यांना तोच गोळा’ हे म्हणणं कुठे फसतं, ते मला त्या दिवशी कळलं. त्या मैदानावरच्या मुलींत अन्याय झाला नसेलही. पण अंतर लिहिलेला कागद मैदानावर थांबत नाही. तो पुढे जातो, त्याच्यावर निवड होते, आज तर पाच टक्के क्रीडा आरक्षणाची नोकरी होते. आणि खेळाडू त्याच आकड्यावरून स्वतःला ओळखतो. त्या मुलीला आम्ही खोटी ओळख दिली. कुणी वाईट हेतूनं दिली नाही, म्हणून ती खरी होत नाही.

आता सकाळच्या वादाकडे येतो. साहित्य बदलू नये, असं मी म्हणत नाही. 1984 साली पूर्व जर्मनीच्या उवे होननं भाला 104.80 मीटर फेकला. मैदानं अपुरी पडायला लागली, भालाही आडवा पडायचा, टोक आधी टेकलं की नाही यावर वाद व्हायचे. आंतरराष्ट्रीय संघटनेनं 1986 पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे सरकवला. अंतरं घटली, पण कुणाला फसवल्यासारखं वाटलं नाही. जगाला आधी सांगितलं होतं आणि विक्रमांची वही नव्यानं उघडली होती.

याच्या उलट 2000 सालचं सिडनी ऑलिंपिक घ्या. महिलांच्या जिम्नॅस्टिक्समधला व्हॉल्टिंग हॉर्स 125 ऐवजी 120 सेंटिमीटरवर लावला गेला. पाच सेंटिमीटर! एकामागून एक मुली पडत होत्या. स्वेतलाना खोर्किना पडली आणि त्या धक्क्यात पुढे बारवरूनही पडली. चूक ओळखली ती अधिकाऱ्यांनी नव्हे, ॲलाना स्लेटर या ऑस्ट्रेलियन खेळाडूनं. मग पुन्हा उडी मारायची मुभा दिली, पण खोर्किनाचे बारवरचे गुण कोण परत देणार? आपल्या मुलीला काय झालं, असं तिच्याही सरांनी विचारलं असेल.

क्रिकेटचे पंच इथे बसले आहेत. त्यांना नियम क्रमांक 4 पाठ असेल. चेंडू हरवला, खराब झाला, तर तितकाच वापरलेला दुसरा आणायचा आणि फलंदाजांना व क्षेत्ररक्षण करणाऱ्या कर्णधाराला तसं कळवायचं. पंच कितीही मोठा असो, नियमानं त्याला गप्पपणे चेंडू बदलायची मुभा दिलेली नाही. आणि कुस्तीत? महाराष्ट्र केसरीत माती विभाग वेगळा, गादी विभाग वेगळा. आपण कशावर लढणार, हे पैलवानाला घरून निघतानाच माहीत असतं. मातीत तेल, ताक, हळद किती घातली, यावरून वस्तादांत भांडणं होतात, पण ती उघड होतात. मला ती भांडणं आवडतात.

म्हणून समजून घेणाऱ्या सरांना माझं सांगणं: घ्या ना जाळी खाली. पण सामन्याआधी दोन्ही संघांच्या कर्णधारांना उभं करा, सांगा, आणि गुणपत्रकावर लिहा. आणि नियमवाल्या सरांना सांगणं: तुम्ही उंच उडीची उंची खांबाशी मोजता. आडवी काठी मधोमध लवलेली असते, मोजायची तिथे. मी तुम्हाला मोजताना पाहिलं आहे. पहिले दहा सेंटिमीटर फाटलेला टेपही पाहिला आहे, कधी दहा वजा करायचे, कधी विसरायचे. नियम तोंडात असून भागत नाही.

काय करायचं? प्रत्येक तालुक्याला एक काटा असावा, एक वही असावी. स्पर्धेच्या सकाळी साहित्य तोलून, मोजून, खेळाडूंच्या देखत नोंद व्हावी. एक समिती नेमावी असं मनात आहे. तपशील कार्यकारिणीनं ठरवावेत. पैसा फार लागणार नाही. जालन्यात लोखंडाला तोटा नाही आणि काट्यालाही नाही.

त्या मुलीचा मी पुढे शोध घेतला. तिच्या गावी दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी भेटली, कडेवर मूल होतं. मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, “म्हणजे सर, माझा हात बरा होता?” मी हो म्हटलं. तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आत जाऊन चहा ठेवला.

तो गोळा मी परत दिला नाही. पुन्हा कुणी फेकू नये म्हणून इतकी वर्षं घरी ठेवला. आज आणला आहे. दाराजवळच्या टेबलावर काट्याशेजारी ठेवलेला आहे. शेजारी खरा चार किलोचाही आहे. जेवायला जाताना दोन्ही एकदा हातात घेऊन पाहा.