पोटरीभोवतीचं कडं

खुर्चीत बसा. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती कडं करा. उजवे असाल तर डाव्या पायाला. बोटं एकमेकांना टेकलीच नाहीत तर उत्तम. टेकूनही आत फट राहिली, तर स्नायू झिजत असण्याची शक्यता बरीच.

ही चाचणी टोकियोजवळच्या काशिवा शहरातल्या ज्येष्ठांच्या अभ्यासातून पुढे आली. पण मला चाचणीपेक्षा तिथल्या स्थानिक प्रशासनाने राबवलेली कल्पना जास्त आवडते. तपासणीचं काम त्यांनी दवाखान्यावर सोडलं नाही. ज्येष्ठ नागरिकांनाच प्रशिक्षण दिलं आणि आता ते आपल्याच वयाच्या लोकांची पोटरी, हाताची पकड तपासतात. जेवायला सोबत कोणी असतं का, हेही विचारतात!

स्नायू झिजण्याचं निदान अर्थात डॉक्टरच करणार. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार पकड पुरुषांत २८ किलोपेक्षा, स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी असेल, किंवा खुर्चीतून पाच वेळा उठायला १२ सेकंद वा अधिक लागत असतील, तर पुढची तपासणी हवी. पायाला सूज असेल तर मात्र कडं फसवतं.

आपल्या ज्येष्ठ नागरिक संघात हे करून पाहा, आणि ग्रामपंचायतीकडे, नगरपालिकेकडे अशा तपासणीची मागणी जरूर करा.