भिगवणची खानावळ



उजनी धरण १९८० साली पुरे झाले. आपली जुनी गावठाणे पाण्याखाली गेली. पुढे त्याच पाण्यातल्या मासळीने भिगवणला नावारूपाला आणले. पुणे-सोलापूर रस्त्यावर खानावळी थाटल्या. तिथले चिलापीचे कालवण आणि बाजरीची भाकरी मला फार आवडते.

वीस वर्षे मी घरी भाकऱ्या थापते. स्वतः मात्र निवलेली खाते. परवा सासूबाईंना घेऊन खानावळीत बसले. ऊन भाकरी ताटात पडली आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "पोरी, आपलं रान ह्याच पाण्याखाली हाय." मग आम्ही दोघी पोटभर जेवलो.

भगिनींनो, घरीसुद्धा सगळ्यांच्या पंगतीला बसा, ऊन ऊन जेवा. एवढे सांगून मी रजा घेते.