खोडलेली आकृती

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला पाच मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘शाळेने मला काय दिलं’. मी त्यातला एकच तास सांगणार आहे. नववीतला, कांद्याच्या पेशींचा.

आठवतोय ना? वर्ग एवढा मोठा आणि चालू स्थितीतले सूक्ष्मदर्शी दोन. कांद्याच्या पाकळीच्या आतल्या बाजूचा पापुद्रा चिमट्याने सोलायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचा, आयोडीनचा एक थेंब आणि वर कव्हरस्लिप. ती तिरकी धरून अलगद सोडायची, नाहीतर खाली हवा अडकते. अर्ध्या वर्गाने त्या दिवशी काळ्या काठाचे बुडबुडेच पेशी म्हणून काढले होते! माझ्या वाट्याला जेमतेम अर्धा मिनिट आला, कारण मागचा ढकलत होता. विटांच्या भिंतीसारखं काहीतरी दिसलं. बाकीची आकृती मी पुस्तकातून काढली. नऊ पेशी, नऊ केंद्रकं, प्रत्येक अगदी मधोमध.

माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने मात्र दिसलं तसं काढलं. चार पेशींत केंद्रक, तेही कडेला चिकटलेलं, आणि पाच पेशी रिकाम्या. मी गटप्रमुख. “अगं, केंद्रक प्रत्येक पेशीत असतं, पुस्तकात बघ,” असं म्हणून मी तिची आकृती माझ्या खोडरबराने खोडली. “पण दिसत नव्हतं ना,” एवढंच ती म्हणाली. मग तिनेही नऊ गोल काढले. दोघींच्या वह्यांवर बरोबरची खूण आली आणि मी ते विसरून गेले.

आठवलं ते थेट नोकरीत. रक्ताच्या नमुन्यांच्या छायाचित्रांतल्या पेशी ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी काम करते. एकदा आमच्या प्रोग्रॅमने एका तांबड्या पेशीत मलेरियाचा परजीवी असल्याची खूण केली. माणसाच्या तयार तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, त्यामुळे आत जांभळा ठिपका दिसला की शंका येणारच. आमच्याबरोबरच्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांनी मूळ काचपट्टी घेतली, सूक्ष्मदर्शीचा बारीक स्क्रू जरासा पुढे-मागे फिरवला आणि मला बघायला सांगितलं. पेशी स्पष्ट झाली की ठिपका धूसर होई, आणि ठिपका स्पष्ट झाला की पेशी धूसर. तो पेशीच्या आत नव्हताच. वर येऊन बसलेली प्लेटलेट होती ती. छायाचित्रात हा स्क्रू फिरवता येत नाही. डॉक्टरांनी पाहिलं नसतं तर कुणाच्या तरी रिपोर्टवर नसलेला मलेरिया लिहिला गेला असता.

त्या रात्री मला तो कांदा आठवला. मोठ्या भिंगाखाली एका वेळी जेमतेम मायक्रोमीटरभर जाडीचा थर स्पष्ट दिसतो, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कांद्याची पेशी त्याच्या कितीतरी पट खोल असते. तिची बहुतेक जागा एक मोठी रिक्तिका व्यापते, आणि ती पेशीद्रव्य आणि केंद्रक कडेला दाबते. म्हणजे केंद्रक कडेलाच असायचं, आणि काही पेशींत ते वरच्या किंवा खालच्या थरात राहून नजरेतून सुटायचं. मैत्रिणीची आकृती चुकीची नव्हतीच! तिला “स्क्रू थोडा फिरव” एवढं सांगायला हवं होतं. मी रबर फिरवला.

रॉबर्ट हुक यांनी 1665 साली बुचाचा काप पाहिला आणि त्या कप्प्यांना ‘सेल’ म्हटलं. त्यांच्या चित्रात केंद्रक नाही, कारण बुचाच्या पेशी मेलेल्या असतात आणि उरतात फक्त भिंती. दिसलं तेवढंच त्यांनी काढलं. केंद्रकाला नाव मिळालं ते रॉबर्ट ब्राउन यांच्याकडून, 1831 साली, ऑर्किडच्या पेशी बघताना. उलटही झालंय. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी आल्यावर जिवाणूंमध्ये ‘मेसोसोम’ नावाचं अंगक दिसू लागलं, पुस्तकांत गेलं, आपल्यानंतरच्या मुलांनीही पाठ केलं. पण जिवाणू रसायनांऐवजी झटकन गोठवून पाहिले तेव्हा ते गायब! नमुना तयार करतानाच्या रसायनांनी पटलाला पडलेल्या घड्या होत्या त्या. तेव्हा आपल्या गटात मी त्याही काढल्या असत्या, आणि छान रंगवल्या असत्या.

ती मैत्रीण आज दुसऱ्या रांगेत बसली आहे. नाव घेतलं तर मला मारेल. मला तिची माफी मागायची होती, आणि ती चारचौघांत मागायची होती, कारण आकृतीही मी चारचौघांतच खोडली होती. चहानंतर प्रयोगशाळा उघडी ठेवायचं बाईंनी कबूल केलंय. कांदा मी आणलाय. आधी ती बघेल, हवा तितका वेळ, आणि मागून कुणी ढकलायचं नाही.