चिठ्ठी लिहिणार कोण?

औषधे नियम, १९४५ मधील ‘एच’ अनुसूचीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. प्रतिजैविकांचा बेसुमार वापर पाहता हे बंधन रास्तच आहे. परंतु जिथे डॉक्टरच पोचत नाही, तिथे चिठ्ठी लिहिणार कोण?

याच नियमांच्या ‘के’ अनुसूचीने सरकारी आरोग्य कार्यक्रमातील परिचारिका व आरोग्यसेवकांना औषधपुरवठ्यासाठी विक्री-परवान्यातून सूट दिली आहे. गडचिरोलीत १९९० च्या दशकात ‘सर्च’ संस्थेने शिकवून तयार केलेल्या गावच्याच आरोग्यदूतांनी जंतुदोष झालेल्या नवजात बालकांना घरी जेंटामायसिनची इंजेक्शने दिली. नवजात-मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले.

तेव्हा सवलतीसोबत प्रशिक्षण, लेखी कार्यपद्धती व देखरेख यांचा आग्रह कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत धरला पाहिजे. चिठ्ठीअभावी गरिबाचे मूल दगावणे हा कायद्याचा विजय खचितच नव्हे.